राजपुत्र आर्थर, कॅनॉट आणि स्ट्रॅथर्नचा ड्यूक

राजपुत्र आर्थर विल्यम पॅट्रिक आल्बर्ट (१ मे १८५०, बकिंगहॅम राजवाडा, लंडन – १६ जानेवारी १९४२, बॅगशॉट पार्क, सरे) हा ब्रिटनची राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती राजपुत्र आल्बर्ट यांचा तिसरा मुलगा व सातवे अपत्य होता. १८७४ मध्ये त्याला कॅनॉट आणि स्ट्रॅथर्नचा ड्यूक ही पदवी मिळाली. १८८६ ते १८९० या काळात तो मुंबई सेनेचा सरसेनापती होता. या सेनेचे मुख्यालय पुण्यात होते. पुढे १९११ ते १९१६ पर्यंत तो कॅनडाचा गव्हर्नर-जनरल होता. १९२१ मध्ये त्याने दिल्लीत भारताच्या नव्या केंद्रीय विधिमंडळाचे उद्घाटन केले. त्याची पदवी केवळ दोन पिढ्यांनी धारण केली. त्याच्या नातवाचा २६ एप्रिल १९४३ रोजी मृत्यू झाला आणि कॅनॉटचे ड्यूकपद नामशेष झाले.

पदवीचे स्वरूप

ब्रिटिश सरदारकीमध्ये ड्यूक ही सर्वांत वरची श्रेणी आहे. राजाच्या मुलांना सज्ञान झाल्यावर अथवा विवाहाच्या वेळी अशी पदवी देण्याची प्रथा आहे. पदवी राजपत्राने दिली जाते आणि ती पुढे कोणाकडे जावी हेही त्या राजपत्रातच नमूद केलेले असते. बहुतेक राजपत्रांत पदवी केवळ औरस पुरुष वारसांकडे जाण्याची तरतूद असते. अशा पदवीवर मुलींचा हक्क नसतो, तसेच दत्तक पुत्रालाही ती मिळत नाही. पुरुष वारसांची शाखा खुंटली की पदवी नामशेष होते. पदवीधारकच राजा झाला, तर त्याची पदवी राजपदात विलीन होते.

कॅनॉट किंवा कॉनाख्ट हा आयर्लंडच्या पश्चिमेकडील प्रांत असून स्ट्रॅथर्न हा स्कॉटलंडमधील प्रदेश आहे. स्ट्रॅथर्न हे नाव यापूर्वी दोन राजपुत्रांच्या पदव्यांत जोडले गेले होते. १७६६ मध्ये राजपुत्र हेन्री याला कंबरलंड आणि स्ट्रॅथर्नचा ड्यूक करण्यात आले. ती पदवी १७९० मध्ये संपली. राणी व्हिक्टोरियाचे वडील राजपुत्र एडवर्ड यांना १७९९ मध्ये केंट आणि स्ट्रॅथर्नचे ड्यूकपद मिळाले होते. त्यांना मुलगा नसल्यामुळे १८२० मध्ये त्यांच्या मृत्यूबरोबर तीही पदवी संपली. त्यांची मुलगी इंग्लंडची राणी झाली, परंतु वडिलांचे ड्यूकपद तिला मिळू शकले नाही. पुढे कॅनॉट घराण्यातही मुली हयात असताना पदवी संपण्याचा प्रकार घडला.

जन्म आणि नामकरण

आर्थरचा जन्म १ मे १८५० रोजी झाला. वॉटर्लूचा विजेता आर्थर वेलस्ली, म्हणजेच वेलिंग्टनचा पहिला ड्यूक, याचाही तो जन्मदिवस होता. त्याच्यावरूनच राजपुत्राचे नाव आर्थर ठेवण्यात आले आणि वृद्ध ड्यूक त्याचा धर्मपिता झाला. प्रशियाचा राजपुत्र विल्यम, जो पुढे जर्मनीचा पहिला सम्राट झाला, हाही त्याचा धर्मपिता होता. पॅट्रिक हे नाव आयर्लंडच्या संतावरून घेतले होते. १८४९ मध्ये राणीने आयर्लंडला भेट दिली होती आणि त्या भेटीची आठवण या नावात होती. चित्रकार विंटरहाल्टर याने १८५१ मध्ये काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात वेलिंग्टन आपल्या एक वर्षाच्या धर्मपुत्राला भेट देताना दिसतो.

वेलस्ली हे नाव मराठवाड्याच्या इतिहासाला परिचित आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात त्याने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी त्याने असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. असई हे गाव परभणीला लागून असलेल्या जालना जिल्ह्यात आहे. या युद्धात हैदराबादचा निजाम कंपनीच्या बाजूने होता आणि परभणीचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. दख्खनमध्ये नाव कमावलेल्या या सेनानीचे नाव धारण केलेला राजपुत्र ८० हून अधिक वर्षांनी सेनापती म्हणून पुण्यात आला.

शिक्षण आणि लष्करी कारकिर्दीचा आरंभ

आर्थरला लहानपणापासून सैनिकी जीवनाची ओढ होती. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने वुलिच येथील लष्करी अकादमीत प्रवेश घेतला. १८६८ मध्ये तो रॉयल इंजिनियर्स या दलात अधिकारी झाला. त्यानंतर त्याने तोफखान्यात आणि मग रायफल ब्रिगेडमध्ये काम केले. रायफल ब्रिगेडबरोबर तो कॅनडात गेला. १८७० मध्ये आयरिश बंडखोरांच्या फेनियन संघटनेने अमेरिकेतून कॅनडाच्या सीमेवर हल्ला केला, त्या वेळी झालेल्या चकमकीत त्याचा सहभाग होता.

१८८२ च्या इजिप्त मोहिमेत त्याने गार्ड्स ब्रिगेडचे नेतृत्व केले. १३ सप्टेंबर १८८२ रोजी तेल-अल-कबीर येथे झालेल्या निर्णायक लढाईत ही ब्रिगेड होती. राजघराण्यातील अनेकांची लष्करी पदे केवळ मानाची असत. आर्थरने मात्र सैन्यातील सेवा हाच आपला मुख्य व्यवसाय मानला.

ड्यूक पदवी

२४ मे १८७४ रोजी, राणीच्या वाढदिवशी, आर्थरला कॅनॉट आणि स्ट्रॅथर्नचा ड्यूक व ससेक्सचा अर्ल या पदव्या देण्यात आल्या. एकाच पदवीत आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील नावे आली, तर दुय्यम पदवी इंग्लंडमधील परगण्याची होती. या पदव्यांबरोबर त्या प्रदेशांवर कोणतीही सत्ता मिळत नसे. कॅनॉटच्या ड्यूकला कॅनॉटमध्ये कर वसूल करण्याचा किंवा न्यायदान करण्याचा अधिकार नव्हता. महाराष्ट्रातील जहागीरदार व सरंजामदार यांच्याशी तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. जहागिरीबरोबर गावांचे उत्पन्न येत असे. ब्रिटिश ड्यूकपदात मान आणि घराण्यातील स्थान मिळत असे, पण त्याबरोबर जमीन येत नसे.

विवाह आणि कुटुंब

१३ मार्च १८७९ रोजी विंडसर येथील सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये आर्थरचा विवाह प्रशियाची राजकन्या लुईझ मार्गारेट हिच्याशी झाला. तिचे वडील राजपुत्र फ्रेडरिक कार्ल हे १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धातील नामांकित सेनानी होते. या दांपत्याला तीन मुले झाली. थोरली मुलगी मार्गारेट हिचा जन्म १८८२ मध्ये, मुलगा आर्थर याचा १८८३ मध्ये आणि धाकटी मुलगी पॅट्रिशिया हिचा १७ मार्च १८८६ रोजी, म्हणजे संत पॅट्रिकच्या दिवशी झाला. ड्यूकपदाच्या दृष्टीने या तिघांपैकी एकटा मुलगाच वारस होता.

सरे परगण्यातील बॅगशॉट पार्क हे कुटुंबाचे निवासस्थान होते. तेथील बिलियर्ड खोलीचे लाकडी कोरीवकाम भारतीय पद्धतीचे आहे. त्याची रचना लाहोरच्या कलाशाळेतील जॉन लॉकवुड किपलिंग आणि भाई राम सिंग यांनी केली. किपलिंग लाहोरला जाण्यापूर्वी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकवत असे आणि त्याचा मुलगा, लेखक रुडयार्ड किपलिंग, याचा जन्म १८६५ मध्ये मुंबईतच झाला होता.

मुंबई सेनेचा सरसेनापती

१८८३ मध्ये आर्थर भारतात आला. आधी मेरठ आणि नंतर रावळपिंडी येथे त्याने सैन्याच्या तुकड्यांचे नेतृत्व केले. डिसेंबर १८८६ मध्ये त्याची मुंबई सेनेच्या सरसेनापतिपदी नेमणूक झाली. त्या काळात ब्रिटिश भारतात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन स्वतंत्र सेना होत्या. मुंबई सेनेच्या अधिकारक्षेत्रात सिंध आणि अरबस्तानच्या टोकावरील एडनही येत असे. लॉर्ड रे हे त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते.

परभणीचा प्रदेश या अधिकारक्षेत्राबाहेर होता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. हिंगोली येथे हैदराबाद कॉन्टिन्जंट या फौजेची छावणी होती. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. ही फौज निजामाच्या नावाने ओळखली जात असली तरी तिचे अधिकारी इंग्रज होते आणि तिच्यावर भारत सरकारचे नियंत्रण होते. १९०३ मध्ये तिचे स्वतंत्र अस्तित्व संपले. त्यामुळे एकाच मराठी भाषक प्रदेशात पुण्याची मुंबई सेना आणि हिंगोलीचे कॉन्टिन्जंट अशा दोन वेगळ्या लष्करी व्यवस्था नांदत होत्या.

१८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव होता. मुलाने त्या समारंभास उपस्थित राहावे, अशी राणीची इच्छा होती. परंतु मुंबईच्या सरसेनापतीने युरोपला प्रयाण केल्यास त्याचे पद रिकामे झाले असे मानण्याचा कायदा होता. ही अडचण दूर करण्यासाठी ब्रिटिश संसदेने त्या वर्षी ड्यूक ऑफ कॅनॉट्स लीव्ह अ‍ॅक्ट हा खास कायदा केला. एका अधिकाऱ्याच्या रजेसाठी संसदेत कायदा व्हावा, ही दुर्मीळ घटना होती. राजपुत्र सरकारी नोकरीत असला की वंशपरंपरागत स्थान आणि नोकरीचे नियम यांचा मेळ घालणे कठीण होते, हे त्यावरून दिसून आले.

मुंबई सेनेतील काही पलटणींना पुढे त्याचे नाव मिळाले. त्यांपैकी बलुची पलटण १२९वी ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन बलुचीज या नावाने प्रसिद्ध झाली. याच पलटणीतील शिपाई खुदादाद खान याने ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील लढाईत केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. हा सन्मान मिळवणारा तो पहिला भारतीय सैनिक होता. मुंबईच्या घोडदळातील ३१वी लान्सर्स ही पलटणही ड्यूकच्या नावाची होती. आता ती पाकिस्तानच्या सैन्यातील १३व्या लान्सर्सचा भाग आहे.

जोतीराव फुले आणि ड्यूकची मेजवानी

आर्थरच्या पुण्यातील वास्तव्यातील सर्वांत संस्मरणीय प्रसंग लष्कराशी संबंधित नाही. २ मार्च १८८८ रोजी पुण्यातील हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूकच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. चिपळूणकर हे जोतीराव फुले यांचे स्नेही होते आणि त्यांनी फुले यांनाही निमंत्रण दिले होते. शहरातील धनिक व प्रतिष्ठित मंडळी उंची वस्त्रे आणि दागिने घालून आली होती. फुले शेतकऱ्याच्या वेशात आले.

बोलण्याची संधी मिळाल्यावर फुले यांनी ड्यूकला थेट उद्देशून भाषण केले. समोर बसलेल्या अलंकारमंडित पाहुण्यांवरून भारताच्या प्रजेची स्थिती समजू नये, असे त्यांनी सांगितले. खरी प्रजा खेड्यांत राहते. तिला पुरेसे अन्नवस्त्र मिळत नाही आणि शिक्षणही मिळत नाही. ही स्थिती ड्यूकने आपल्या आईच्या, म्हणजे राणीच्या कानावर घालावी आणि रयतेच्या मुलांना शिक्षण मिळावे, अशी त्यांची मागणी होती.

या भाषणाला पार्श्वभूमी होती. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे उठाव झाले होते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी कायदा केला. फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात शेतकऱ्यांच्या दारिद्र्याची कारणे मांडली होती. मेजवानीतील वेश आणि भाषण हा त्याच विचाराचा भाग होता. पुढे दोनच महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईतील सभेत फुले यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. ड्यूकची पदवी राजपत्राने मिळालेली होती, तर फुले यांची पदवी सामान्य लोकांनी सभेत बहाल केलेली होती. यांपैकी दुसरीच मराठी भाषेत आजही रूढ आहे.

मार्च १८९० मध्ये आर्थरने मुंबई सेनेची सूत्रे खाली ठेवली. १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या स्वतंत्र सेना संपुष्टात आणून एकच भारतीय सेना करण्यात आली. त्यामुळे मुंबईचे सरसेनापतिपदही इतिहासजमा झाले.

नंतरची लष्करी पदे

इंग्लंडला परतल्यावर आर्थरने पोर्टस्मथ आणि अल्डरशॉट येथील सैन्याचे नेतृत्व केले. संपूर्ण ब्रिटिश सैन्याचे सरसेनापतिपद त्याला मिळावे, अशी राणीची इच्छा होती. परंतु १८९५ मध्ये ते लॉर्ड वुल्सली याला देण्यात आले. १९०० ते १९०४ या काळात आर्थर आयर्लंडमधील सैन्याचा सरसेनापती होता. १९०२ मध्ये त्याला फील्ड मार्शल करण्यात आले. जानेवारी १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन याने भरवलेल्या दिल्ली दरबारात त्याने राजघराण्याचे प्रतिनिधित्व केले. त्यानंतर सैन्याचा महानिरीक्षक आणि भूमध्य समुद्रातील सैन्याचा सरसेनापती ही पदे त्याने भूषवली. दुसऱ्या पदाचे मुख्यालय माल्टा बेटावर होते. १९०९ मध्ये त्याने ते पद सोडले.

१९०१ पासून १९३९ पर्यंत तो इंग्लंडच्या फ्रीमेसन संघटनेचा ग्रँड मास्टरही होता.

जर्मन गादीचा वारसा

१८९९ मध्ये आर्थरसमोर एका वेगळ्या वारशाचा प्रश्न आला. त्याचा थोरला भाऊ आल्फ्रेड हा जर्मनीतील सॅक्स-कोबर्ग आणि गोठा या संस्थानाचा ड्यूक होता. हे खरेखुरे संस्थान होते आणि तेथील ड्यूक हा राज्यकर्ता होता. आल्फ्रेडचा एकुलता एक मुलगा त्या वर्षी मरण पावला आणि वारस म्हणून आर्थर व त्याचा मुलगा यांची नावे पुढे आली. भावी राज्यकर्त्याचे शिक्षण जर्मनीत व्हावे, असा तेथील लोकांचा आणि कैसर विल्हेल्म दुसरा याचा आग्रह होता. तरुण आर्थर त्या वेळी इंग्लंडमध्ये ईटन येथे शिकत होता. अखेर पितापुत्रांनी आपले हक्क सोडले. गादी त्यांच्या पुतण्याकडे, आल्बनीचा ड्यूक चार्ल्स एडवर्ड याच्याकडे गेली.

हा निर्णय पुढे महत्त्वाचा ठरला. पहिल्या महायुद्धात चार्ल्स एडवर्ड जर्मनीच्या बाजूने राहिला. त्यामुळे १९१७ च्या कायद्यान्वये १९१९ मध्ये त्याचे ब्रिटिश ड्यूकपद निलंबित करण्यात आले. कॅनॉट घराण्याने जर्मन गादी स्वीकारली असती, तर त्यांच्या पदवीचीही तीच गत झाली असती.

कॅनडाचा गव्हर्नर-जनरल

१९१० मध्ये आर्थरने दक्षिण आफ्रिका संघाच्या पहिल्या संसदेचे उद्घाटन केले. ऑक्टोबर १९११ मध्ये तो कॅनडाचा गव्हर्नर-जनरल झाला. ब्रिटिश राजघराण्यात जन्मलेली व्यक्ती या पदावर येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. ऑटावा येथील रिडो हॉल हे त्याचे सरकारी निवासस्थान होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा कॅनडात उभारलेल्या एका पायदळ पलटणीला त्याची मुलगी पॅट्रिशिया हिचे नाव देण्यात आले. ही पलटण आजही अस्तित्वात आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये ऑटावामधील संसद भवन आगीत जळाले. त्याच वर्षी नव्या इमारतीची कोनशिला आर्थरच्या हस्ते बसवण्यात आली. नोव्हेंबर १९१६ मध्ये त्याचा कार्यकाळ संपला.

१४ मार्च १९१७ रोजी त्याच्या पत्नीचा मृत्यू झाला. थोरली मुलगी मार्गारेट हिचा विवाह १९०५ मध्ये स्वीडनच्या राजपुत्राशी झाला होता आणि ती पुढे तेथील युवराज्ञी झाली. १ मे १९२० रोजी, म्हणजे आर्थरच्या सत्तराव्या वाढदिवशीच, तिचे स्टॉकहोम येथे निधन झाले.

१९२१ चा भारत दौरा

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार भारतात नवी कायदेमंडळे स्थापन झाली होती. त्यांच्या उद्घाटनासाठी युवराज एडवर्ड येणार होता, परंतु त्याचा दौरा पुढे ढकलण्यात आला आणि सत्तर वर्षांच्या आर्थरला पाठवण्यात आले. जानेवारी १९२१ मध्ये तो मद्रासला उतरला. ८ फेब्रुवारी रोजी त्याने दिल्लीत नरेंद्र मंडळाचे आणि ९ फेब्रुवारी रोजी केंद्रीय विधिमंडळाचे उद्घाटन केले. १० फेब्रुवारी रोजी अखिल भारतीय युद्ध स्मारकाची, म्हणजे आजच्या इंडिया गेटची, आणि १२ फेब्रुवारी रोजी दिल्लीतील संसद भवनाची कोनशिला त्याच्या हस्ते बसवण्यात आली. दौऱ्याचा शेवट मुंबईत झाला.

वातावरण १८८८ च्या पुण्यासारखे राहिले नव्हते. एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बागेत हत्याकांड झाले होते. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथील काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले होते. अनेक ठिकाणी ड्यूकच्या स्वागतावर बहिष्कार टाकण्यात आला. महात्मा गांधी यांनी त्याला खुले पत्र लिहिले. हा बहिष्कार ड्यूकविरुद्ध वैयक्तिक नसून तो ज्या राज्यव्यवस्थेचे प्रतिनिधित्व करतो तिच्याविरुद्ध आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. विधिमंडळातील भाषणात ड्यूकने पंजाबातील घटनांबद्दल दुःख व्यक्त केले आणि दोन्ही बाजूंनी झाले गेले विसरून जावे, असे आवाहन केले.

परभणीच्या रहिवाशांना या दोन्ही संस्थांत स्थान नव्हते. केंद्रीय विधिमंडळात ब्रिटिश प्रांतांचे प्रतिनिधी होते. नरेंद्र मंडळ हे संस्थानिकांचे होते आणि हैदराबादचा निजाम त्यात सहभागी झाला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यानंतरच मराठवाड्यातील जनतेला निवडणुकीद्वारे संसदेत प्रतिनिधी पाठवता आले. तेव्हा ते ज्या भवनात गेले, त्याची कोनशिला १९२१ मध्ये कॅनॉटच्या ड्यूकने बसवलेली होती.

अखेरची वर्षे

१९२२ मध्ये आयर्लंडचा बहुतांश भाग आयरिश मुक्त राज्य म्हणून वेगळा झाला. कॅनॉट प्रांतही त्यात गेला. ड्यूकच्या पदवीतील प्रदेश आता युनायटेड किंग्डमबाहेर होता, तरी पदवी कायम राहिली.

आर्थरचा एकुलता एक मुलगा १९२० ते १९२४ पर्यंत दक्षिण आफ्रिकेचा गव्हर्नर-जनरल होता. १२ सप्टेंबर १९३८ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, वडील हयात असतानाच त्याचे निधन झाले. त्यामुळे पदवीचा वारसा नातू अ‍ॅलिस्टेअर याच्याकडे आला. आर्थरचा मृत्यू १६ जानेवारी १९४२ रोजी बॅगशॉट पार्क येथे, वयाच्या ९१ व्या वर्षी झाला. राणी व्हिक्टोरियाचा तो शेवटचा हयात मुलगा होता. त्याचे दफन विंडसरजवळील फ्रॉगमोर येथे करण्यात आले.

दुसरा ड्यूक आणि पदवीचा अंत

अ‍ॅलिस्टेअरचा जन्म ९ ऑगस्ट १९१४ रोजी झाला. त्याची आई अलेक्झांड्रा ही स्वतःच्या हक्काने फाइफची डचेस होती. जन्मतः तो राजपुत्र होता, परंतु १९१७ मध्ये राजा पाचवा जॉर्ज याने राजपुत्र या उपाधीवर मर्यादा घातल्या आणि राजाच्या पणतवंडांची ती उपाधी गेली. त्यानंतर तो मॅकडफचा अर्ल म्हणून ओळखला जाई. लष्करात सेवा केल्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कॅनडाचा गव्हर्नर-जनरल अर्ल ऑफ अ‍ॅथलोन याचा परिसहाय्यक झाला.

२६ एप्रिल १९४३ रोजी रिडो हॉलमध्ये त्याचा मृत्यू झाला. खिडकीतून पडल्यानंतर कडाक्याच्या थंडीने त्याचा जीव गेला, असे मानले जाते. त्याचे वय २८ होते आणि तो अविवाहित होता. एके काळी याच वास्तूत त्याचे आजोबा गव्हर्नर-जनरल म्हणून राहिले होते. अ‍ॅलिस्टेअरने सुमारे १५ महिने ड्यूकपद धारण केले. त्याच्यामागे पुरुष वारस नसल्यामुळे कॅनॉट आणि स्ट्रॅथर्नचे ड्यूकपद व ससेक्सचे अर्लपद एकाच दिवशी नामशेष झाले.

पहिल्या ड्यूकचा वंश मात्र संपलेला नव्हता. धाकटी मुलगी पॅट्रिशिया १९७४ पर्यंत हयात होती. १९१९ मध्ये विवाहाच्या वेळी तिने स्वेच्छेने राजकन्या ही उपाधी सोडली होती. थोरली मुलगी मार्गारेट हिची संतती स्वीडन आणि डेन्मार्कच्या राजघराण्यांत आहे. स्वीडनचा राजा कार्ल सोळावा गुस्ताफ हा तिचा नातू असून २०२४ पर्यंत डेन्मार्कच्या गादीवर असलेली राणी मार्गरेथ दुसरी ही तिची नात आहे. दोन राजगाद्यांवर ज्याचे वंशज बसले, त्याची स्वतःची पदवी ते वंशज मुलीच्या शाखेतील असल्यामुळे टिकू शकली नाही.

अ‍ॅलिस्टेअरच्या आईच्या फाइफ या पदवीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता. म्हणून १९०० च्या राजपत्रात ती पदवी मुलींना आणि त्यांच्या मुलांना मिळण्याची खास तरतूद करण्यात आली. १९५९ मध्ये अलेक्झांड्राचे निधन झाल्यावर फाइफचे ड्यूकपद तिच्या बहिणीच्या मुलाकडे गेले आणि ते आजही चालू आहे. एकाच कुटुंबातील दोन ड्यूकपदांपैकी एक संपले आणि एक टिकले. हा फरक राजपत्रांतील वारसाविषयक तरतुदीमुळे पडला.

मराठी इतिहासातील वारसाप्रश्न

औरस पुरुष वारसाची अट महाराष्ट्राच्या इतिहासाला अपरिचित नाही. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी याने त्यांचे दत्तकविधान नामंजूर केले आणि सातारा राज्य खालसा केले. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले यांचे निधन झाल्यावर नागपूरचे राज्यही पुढील वर्षी खालसा झाले. हिंदू धर्मशास्त्रानुसार दत्तक पुत्राला औरस पुत्राचे हक्क मिळत असत. ब्रिटिश सरदारकीच्या कायद्यात दत्तकाला स्थान नव्हते. १८५७ च्या उठावानंतर सरकारने धोरण बदलले आणि संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा दिल्या.

दोन्ही बाबींत मूलभूत फरक आहे. साताऱ्यात आणि नागपुरात वारसाच्या कारणावरून प्रजेसह राज्य गेले आणि तो निर्णय परक्या सत्तेने लादला होता. कॅनॉटच्या बाबतीत केवळ एक मान संपला आणि तो घराण्याच्या स्वतःच्या कायद्यानुसार संपला. योगायोग असा की पॅट्रिशियाचा पती अलेक्झांडर रॅम्झी हा डलहौसीच्याच रॅम्झी घराण्यातील होता.

वारसा

कॅनॉट ही पदवी १९४३ नंतर कोणालाही पुन्हा देण्यात आलेली नाही. ससेक्स हे नाव मात्र २०१८ मध्ये ड्यूकपदाच्या रूपाने राजपुत्र हॅरी याला देण्यात आले. बॅगशॉट पार्क हे आता एडिंबराचा ड्यूक राजपुत्र एडवर्ड याचे निवासस्थान आहे.

भारतात ही पदवी स्थलनामांत टिकून आहे. नवी दिल्लीतील कॅनॉट प्लेस ही बाजारपेठ त्याच्या नावाने उभारली गेली. १९९५ मध्ये तिच्या आतील वर्तुळाला राजीव चौक हे नाव देण्यात आले, तरी जुने नाव वापरात आहे. महाबळेश्वर येथील पूर्वी माउंट ऑलिम्पिया म्हणून ओळखले जाणारे शिखर आता कॅनॉट पीक या नावाने पर्यटकांना परिचित आहे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथील सिडको भागातही कॅनॉट प्लेस नावाची गजबजलेली बाजारपेठ आहे.